लुगडं कापताना

गेलेल्या माणसाच्या कपड्यांचं काय करायचं हे आपल्याकडे बहुतेक घरांत ठरलेलं असतं. धडके कपडे तेराव्यापर्यंत किंवा महिन्याभरात कुणाला तरी देऊन टाकायचे, विटकी पातळं पुसण्याला घ्यायची. तरी एखादं लुगडं, दोन-चार सदरे कपाटात मागे राहतात आणि राहतातच. दहा-दहा वर्षं कुणी घालत नाही, कुणी देतही नाही. अशा मागे राहिलेल्या कपड्यांची गोधडी कशी शिवायची, त्याबद्दल हे लिहितो आहोत.

मेलेल्याचे कपडे वापरू नयेत असं म्हणणारी घरं आहेत. ज्याला ते मनापासून वाटतं त्याने या वाटेला जाऊ नये, कारण अशी गोधडी शेवटी माळ्यावरच पडते. पण त्याच घरांत पणजीच्या लुगड्याच्या दुपट्यात बाळ गुंडाळलेलं असतं, हेही खरं आहे. जुन्या लुगड्याइतकं मऊ कापड विकत मिळत नाही. ते मऊ होतं तेच मुळी शेकडो धुण्यांनी झिजून.

एक गोष्ट आधीच मान्य करावी लागते. ही गोधडीही झिजणार आहे. काचेच्या चौकटीत भिंतीवर लावायची असेल तर तो वेगळा उद्योग आहे आणि आमचं मत विचाराल तर फारसा बरा नाही. भिंतीवर ऊन येतं, रंग उडतो, काचेआड दमट हवा कोंडते आणि कापड वापराविनाच जीर्ण होतं. पांघरायची गोधडी म्हणून शिवायला घेतली की पुढचे बरेच निर्णय आपोआप सुटतात.

सुरुवात कात्रीने करू नका, फोनने करा. सगळे कपडे उजेडात अंथरून प्रत्येकाचा फोटो काढा आणि भावंडांना पाठवा. उत्तराला पंधरा दिवस द्या. सगळ्यात मोठी भांडणं शिवणीवरून होत नाहीत. "ती अंजिरी माझ्या डोहाळजेवणातली होती, मला विचारलंही नाही" यावरून होतात, आणि कापलेलं पातळ परत जोडता येत नाही. कुणाला एखादं अख्खं हवं असेल तर देऊन टाका. हवं असणारे बरेच असतील तर एका मोठ्या गोधडीच्या नादी न लागता हात-दोन हातांची, साधारण ९० बाय ९० सेंटिमीटरची दुपटी करावीत. एका नऊवारीत अशी चौपदरी दोन दुपटी सहज बसतात आणि काठाकडचा तुकडा उरतो.

आता वासाचं. न धुतलेल्या कपड्याला त्या माणसाचा वास असतो आणि धुतला की तो जातो. इथे मधला मार्ग नाही. न धुता शिवलं तर घामाचे भाग वर्षभरात पिवळे पडतात, खळ आणि घाम खायला कसर येते, आणि पहिल्या धुण्याला वास जायचा तो जातोच. म्हणून एक कपडा वेगळा काढा. शक्यतो गळ्याशी लागलेला, पंचा, ओढणी, बंडी असा. तो न धुता, पूर्ण कोरडा करून, तोंड घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा. त्यात डांबराची गोळी टाकू नका. लोक जपायला म्हणून टाकतात आणि महिन्याने पिशवी उघडली की फक्त डांबराचाच वास येतो. बाकीचं सगळं धुवा.

धुताना डाग बघून घ्या. आजारपणातल्या कपड्यांवर रक्ताचे डाग असतात. ते गार पाण्यातच भिजवायचे, गरम पाण्याने पक्के बसतात. गंजाच्या डागावर ब्लीच टाकू नका, डाग वाढतो आणि त्या जागी कापड पिचतं. हळदीच्या डागाची गंमत वेगळी आहे. साबण लागला की तो लाल होतो, पाण्याने धुतला की परत पिवळा दिसतो आणि कडक उन्हात वाळवला की फिकट होत होत जवळजवळ नाहीसा होतो. पदराला हात पुसायची सवय असलेल्या बाईच्या लुगड्यावर तो डाग हमखास सापडतो, कमरेला खोचायच्या बाजूला, चार बोटांच्या आकाराचा. काढायचा असेल तर ऊन द्या. ठेवायचा असेल तर ते कापड कायम सावलीत वाळवा, आणि गोधडी झाल्यावर ती बाजू उन्हात उलटी घाला.

रंग जातो का तेही आत्ताच बघायचं. ओल्या पांढऱ्या फडक्यावर कापडाचा कोपरा ठेवून गरम इस्त्री दाबा. फडक्यावर रंग उतरला तर ते कापड पाणी नितळ होईपर्यंत वेगळं धुवावं लागेल. मीठ घातलं की रंग पक्का होतो हे घरोघरी सांगतात, पण तयार कापडाचा रंग मिठाने पक्का होत नाही. काळी चंद्रकळा आणि गडद लाल इरकल यांच्याबाबतीत सावध राहा. ती आतल्या थरात दडवून काही उपयोग नाही, रंग थरांतून वर येतो.

मग खिडकीशी उभं राहून एकेक कापड उजेडासमोर धरा. नऊवारी कुठे विरते हे ठरलेलं असतं. काष्ट्याचा भाग, बसायचा भाग, पायाशी जोडव्या-पैंजणांना घासणारा काठ, आणि वर्षानुवर्षं एकाच जागी पडलेली घडी. सुरुवातीचं टोक, जे आत खोचलं जातं, ते मात्र नव्यासारखं असतं. शंका आली तर दोन अंगठ्यांमध्ये कापड हलकेच ताणा. 'चर्र' आवाज आला की ते वर लावण्याचं कापड नाही. टाकून देऊ नका, मधल्या थरात घाला. वरच हवं असेल, कारण तोच भाग सगळ्यांच्या ओळखीचा असतो, तर टाक्यांच्या ओळी जवळ घ्या. एरवी दीड सेंटिमीटरवर घेता त्या पाऊण सेंटिमीटरवर घ्या. म्हणजे ताण कापडावर न येता दोऱ्यावर येतो.

काय घेऊ नये? नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या साड्या, कारण त्या सुताबरोबर धुतल्यावर सारख्या आटत नाहीत, सुईखाली सरकतात आणि अंगाला घाम आणतात. जुनी रेशमी पातळं घडीवर फाटतात आणि जरतार काळी पडून खरखरते. पैठणीचा मोह फार होतो. ती अख्खी ठेवा किंवा नेसा. गोधडी हे सुताचं काम आहे. धोतर असेल तर उत्तम, त्यासारखं अस्तर नाही. खालच्या थराला नवं मांजरपाट घेणार असाल तर ते आधी दोनदा गरम पाण्यातून काढा. जुनं कापड आटून बसलेलं असतं, नवं पहिल्या धुण्याला आटतं आणि गोधडीचा द्रोण होतो.

मापाचा हिशोब सोपा आहे. नऊवारी म्हणजे साधारण ८.२ मीटर लांब आणि सव्वा वाराच्या आसपास पन्हा. निऱ्या घालतो तशी उलटसुलट चौपदरी घडी घातली की २०५ बाय ११५ सेंटिमीटर होतं. एका माणसाची गोधडी. यात कात्री लागतच नाही. दोन्ही लांब कडांना लुगड्याचे स्वतःचे काठ येतात, एक आखूड बाजू घड्यांनी बंद होते, दुसरीवर लुगड्याची दोन्ही टोकं येतात, ती आत मुडपली की गोट लावायचा प्रश्न नाही. पदर वर ठेवून घडी घातली की पदराचा सगळा भाग दर्शनी राहतो. कात्री चालवायला हात धजत नाही त्यांनी हीच करावी. यात एकच चूक होते. चारही थरांचे काठ एकावर एक बसले की कड जाड होते, सुई जात नाही, मोडते. प्रत्येक थर खालच्यापेक्षा एक सेंटिमीटर एका बाजूला सरकवा. काठांच्या पायऱ्या दिसतात आणि त्या छान दिसतात.

सहावारी साधारण साडेपाच मीटर. तिची तीन पदरी घडी १८३ सेंटिमीटरच येते, उंच माणसाचे पाय उघडे राहतात. तिथे जोड द्यावा लागतो.

सदऱ्यांची करायची तर कापावंच लागतं. कापण्याआधी शिवणी उसवून घ्या. कॉलर, कफ, पट्टी सुटी करा, म्हणजे सदऱ्याचं परत सपाट कापड होतं. (हे उसवणं संध्याकाळी एकट्याने करू नये. दुपारी, कुणीतरी शेजारी बसलेलं असताना करावं. यात शिवणशास्त्र काही नाही.) १७ सेंटिमीटरचे चौकोन कापले की शिवणीत दोन जाऊन १५ चे उरतात. पाठीतून नऊ, पुढच्या दोन भागांतून सहा, पूर्ण बाह्यांतून सहा-आठ. विरलेलं वगळून एका सदऱ्याला पंधरा ते वीस धरा. २१० बाय १२० च्या गोधडीला चौदा रांगा, रांगेत आठ, म्हणजे ११२ चौकोन लागतात. सहा-सात सदरे. खिसा असलेला चौकोन खिशासकट कापा. बटणं लहान मुलाच्या दुपट्यावर अजिबात नकोत, तोंडात जातात.

सुती लुगडं कापायचं असेल तर कात्रीपेक्षा फाडणं सरळ होतं. दोन सेंटिमीटरची चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी ओढायचं. दोऱ्याच्या रेषेत फाटतं. पण त्याचा आवाज मोठा असतो आणि घरातल्या काहींना तो सोसत नाही. फार विरलेलं कापड शिवाय भलतीकडेच फाटतं. अशा वेळी कडेचा एक आडवा दोरा सुईने उचलायचा आणि हळूहळू ओढत सगळ्या पन्ह्यातून काढून घ्यायचा. तुटला तर तुटल्या जागेवरून परत उचलायचा. तो निघाला की कापडावर केसाएवढी रेघ उमटते. त्या रेघेवरून कात्री चालवायची. वेळ लागतो, पण रेघ चुकत नाही.

झिजलेला भाग लपवावा असं वाटतं, पण तसं करू नये. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या गीज बेंड या वस्तीत मिझुरी पेटवे या बाईने १९४२ साली नवरा नॅथॅनियल वारल्यावर त्याच्या शेतात घालायच्या कपड्यांची एक रजई शिवली. ती आज मोठ्या कलासंग्रहांच्या पुस्तकांत असते. मोठाले पट्टे, विटलेलं कापड, डाग, सगळं तसंच. नवं कापड शोधून मधे बसवलं असतं तर त्या रजईत तो माणूस उरला नसता. आपल्याकडे सदऱ्याच्या कोपरावरचं विटलेलं गोल, धोतराला घातलेला दंड (फाटलेला भाग काढून शिवलेला जोड), आधीचं कुणीतरी लावलेलं ठिगळ, हे सगळं वर येऊ द्या. ठिगळ उसवू नका, ते लावणाराही बहुधा गेलेला असतो.

हस्ताक्षर भरायचं असेल तर थर टाचायच्या आधी, एकेरी कापडावर भरा. चिठ्ठी, वाण्याची यादी, वहीचं पान, काहीही चालतं. कागद खिडकीच्या काचेला चिकटवून वर कापड धरलं की अक्षर दिसतं. अक्षर दोन सेंटिमीटरपेक्षा लहान ठेवलं तर वेलांट्या आणि उकार बुजतात, म्हणून झेरॉक्सवर मोठं करून घ्या. सहा पदरी लडीतले दोन पदर वापरा, उलटा टाका घाला. शिरोरेघ शेवटी. आधी घातली तर ओळ आखडते आणि अक्षरं लोंबल्यासारखी दिसतात. पाण्याने जाणाऱ्या पेनाने गिरवलं असेल तर धुण्याआधी इस्त्री फिरवू नका, खूण पक्की बसते. चुकीचं लिहिलेलं सुधारू नका. 'शेगंदाने' असेल तर 'शेगंदाने'च भरा.

थर टाचायला सतरंजी अंथरून घ्या. खालचा थर ताणून बसवा, चारही कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, जे हाताला येईल ते वजन ठेवा. मग एकेक थर, मधून कडेकडे हात फिरवत. दर दहा-बारा सेंटिमीटरला लांब कच्चे टाके, उभे आणि आडवे. इथे कंटाळा केला की पुढे हमखास फुगा येतो, कारण गोधडी कडेकडून आत शिवत जातात आणि जास्तीचं कापड ढकललं जाऊन मधोमध साठतं. फुगा दिसला तर दाबून पुढे रेटू नका. शेवटचे तीन-चार फेरे उसवा, कच्चे टाके सोडा, हात फिरवून परत टाचा.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक राहतात, त्यांच्या बायकाही अशाच कडेकडून आत येतात. त्यांच्या कवंदीच्या, म्हणजे गोधडीच्या, चार कोपऱ्यांना घडी घातलेले त्रिकोण असतात, त्यांना फुलं म्हणतात. ती नसली तर कवंदी नागडी. मधोमध पोचल्यावर बंद करायच्या आधी तांदळाचे चार दाणे आत घालतात, तिचं पोट भरायचं म्हणून. हवं तर घाला, पण खरोखर चारच. मूठभर घातलेत तर पहिल्या धुण्याला फुगतात आणि मग किडे येतात. नाणं मात्र घालू नका, ते कापड आतून कापतं.

दोरा जाड, सुती, एकेरी. पॉलिएस्टरचा दोरा चिवट म्हणून बायका आनंदाने घेतात, पण जुनं कापड त्याच्यापुढे टिकत नाही. ताण आला की दोरा तुटायच्या ऐवजी कापड चिरतं. आधी तुटायला हवा तो दोरा. टाका परत घालता येतो. दोरा मेणावरून ओढून घ्या आणि एका वेळी साठ-सत्तर सेंटिमीटरच ओवा, लांब दोरा विरलेल्या कापडातून पन्नासदा जाताना स्वतः पिंजतो. टोकाला मोठी गाठ नको, ती जुन्या कापडातून सरळ बाहेर येते. दोन टाके एकावर एक घालून सुरुवात करा. धावदोऱ्याचा टाका पाच-सहा मिलिमीटर. दर ओळीला गोधडी उलटून बघा, चौथा थर सुटलेला असतो आणि तो वरून दिसत नाही.

हिशोबाला फेऱ्यांऐवजी सरळ ओळी धरल्या तर दीड सेंटिमीटर अंतराने ११५ सेंटिमीटरच्या पन्ह्यात सत्याहत्तर ओळी बसतात. प्रत्येक २०५ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ १५८ मीटर. टाक्यात जाणारा आणि टोकांचा धरून १९० मीटर दोरा लागतो. एक ओळ वीस-पंचवीस मिनिटं घेते, म्हणजे तीस तासांचं काम. रोज दोन ओळी घातल्या तर सव्वा महिना. सलग बसून उरकण्यापेक्षा रोज दोन बरं, नाहीतर टाक्याचा ताण बदलतो आणि कड वाकडी होते. दर दहा ओळींना लांबी मोजा. चार-पाच सेंटिमीटर आखडली तर ठीक, त्या बारीक चुण्यांनीच ऊब येते.

एड्सने गेलेल्यांसाठी अमेरिकेत १९८७ पासून जी प्रचंड गोधडी जोडली जाते आहे, तिचा प्रत्येक तुकडा ३ फूट बाय ६ फूट असतो, एका थडग्याएवढा. त्या वर्षी वॉशिंग्टनला पहिल्यांदा अंथरली तेव्हा असे १,९२० तुकडे होते, आज पन्नास हजारांच्या आसपास आहेत. घड्या घालून, उलगडून, प्रवास करून तुकडे फाटतात आणि ती सांभाळणाऱ्यांना सतत दुरुस्ती करावी लागते. तुकडा शिवणाऱ्यांना त्यांचं सांगणं असतं की डिंकाने चिकटवू नका, टाका घाला. आपल्याकडेही कापडावर फोटो छापून चिकटवायची टूम आली आहे. धुण्याला तो आधी कडेने सुटतो, मग चेहऱ्यावर भेगा पडतात. बघायला वाईट दिसतं.

शेवटच्या सात-आठ ओळी उरल्या की काम रेंगाळतं. हे बहुतेकांचं होतं, त्यात नवल नाही. थांबायचं असेल तर थांबा, फक्त सुई कापडात टोचून ठेवू नका. पावसाळ्यात ती गंजते आणि गंज सूत खातो. वर्षाने पिशवी उघडावी तर सुईच्या आकाराचं तपकिरी भोक चारही थरांतून आरपार गेलेलं असतं. सुई डबीत ठेवा, गोधडी सुती कापडात गुंडाळून ठेवा, प्लास्टिकमध्ये नको, आणि पाऊस संपला की ऊन द्या.

झाली की वापरा. धुणं वर्षातून तीन-चारदा पुरे, हाताने, न पिळता. ओली गोधडी जड होते, एका दोरीवर टाकली की मधोमध टाके तुटतात, म्हणून दोन दोऱ्यांवर पसरून घाला. पहिली झिजते ती तोंडाशी येणारी कड. तिथे पाच-सात वर्षांनी नवी पट्टी लावावी लागते. पंधरा-वीस वर्षांनी वरचं कापड पार विरतं. तेव्हा ती अख्खी न उसवता दुसऱ्या गोधडीत मधला थर म्हणून घालायची, जुन्या बायका हेच करत आल्या. त्या वेळी जुने टाके आत तसेच राहतात, नुसतं हाताला जाणवतात.

एवढ्यासाठी उरलेला दोरा आणि काठाच्या चिंध्या एका पिशवीत घालून, वर कुणाचं कापड ते लिहून ठेवा. नेमका त्या रंगाचा दोरा पुढे बाजारात मिळत नाही.